दिगंबर शेवटी काय म्हणाला

(जालन्याच्या मोठ्या दवाखान्याचा व्हरांडा, सकाळची अकराची वेळ. कान-नाक-घशाच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर दोघी बहिणी. साल एकोणीसशे नव्व्याण्णव.)

गिरिजा : तुझा कान लहानपणीच फुटला होता, हे मला आज कळून राह्यलं. एका ताटात जेवलो आपण, एका वाकळीत झोपलो. कोणत्या साली फुटला गं, झुंबर?

झुंबर : हळू बोल अक्का. समद्या बाया बघून राह्यल्या.

गिरिजा : हळू बोलले तर तुला ऐकू येत न्हाई.

झुंबर : मंग इकडून बस. उजव्या अंगाला. हां, आता बोल. अन् सासूबाईनं निघताना काय सांगितलं ते ध्यानात ठेव. डॉक्टरीणनं इचारलं तर म्हणायचं, लहानपणी कान वाहायचा, कुणी औषध केलं न्हाई, आता बसला. तू म्हन्लीस तर डॉक्टरीण मानल. सख्खी बहीण म्हन्ल्यावर कोण खोटं धरतंय?

गिरिजा : म्हणूनच मला धाडलं. न्हाईतर ऐन वेचणीत द्वारकाबाई दोन-दोन सुना जीपमध्ये बसवून जालन्याला लावून देईल व्हय? रानात कापूस फुटून खाली लोंबायलाय, अन् आपण इथं बाकड्यावर.

झुंबर : ह्यांनी सोता आणलं आपल्याला. सासूबाई नको म्हणून राह्यल्या होत्या, तालुक्याला मंठ्यातच परत दाखवा म्हणून. हेच म्हन्ले, न्हाई, जालन्याला नेतो. तेवढं तरी बघत जा, अक्का.

गिरिजा : बघितलं. पुढच्या शिटावर बसला अन् इथवर एकदा मागं वळून न्हाई बघितलं, ते बी बघितलं.

झुंबर : त्यांचा सोभावच तसा हाये. दाखवत न्हाईत.

गिरिजा : आलं. आलं तुझं शिरेल.

झुंबर : मी शिरेलाचं नावबी काढलं न्हाई.

गिरिजा : काढायला कशाला पाहिजे? पाच वर्षं झाली बंद होऊन, तुझ्या डोक्यात अजून चालूच हाये. दर गुरुवारी रजियाभाभीच्या घरी पन्नास बाया. इस्माईलभाईचं बॅटरी चार्जिंगचं दुकान, म्हणून साऱ्या गावची लाईट गेली तरी त्यांचा टीव्ही बंद पडायचा न्हाई. बाया आत, गडी बाहेर ओसरीवर. अन् पडद्यावर ते दोघं भाऊ. थोरला दिगंबर, धाकटा श्रीधर.

झुंबर : तुला बी आवडायचं.

गिरिजा : आवडायचं. मी कुठं न्हाई म्हन्ते? दिगंबर आला की समद्या चिडीचूप. हसायचा न्हाई, बोलायचा न्हाई, दारात पाठ करून उभा राहायचा. अन् गोजरबाई पदर चावत म्हणायची, बापई असावा तर असा. श्रीधर आईचे पाय चेपायचा, बायकोला पाणी शेंदू लागायचा, जरा काही झालं की डोळ्याला पाणी. तो आला की ओसरीवरचे गडी खिदळायचे. आला बायल्या म्हणायचे. अन् आपण बाया बी हसायचो.

झुंबर : मी न्हाई हसायचे.

गिरिजा : तू कशाला हसशील? तुला श्रीधर दिसतच नव्हता. दिगंबरनं बायकोच्या तोंडात मारली तो भाग आठवतो? सणकन आवाज आला. मला वाटलं, आता कुणीतरी बाई शिवी देईल. अन् तू काय म्हन्लीस ते आठवतं?

झुंबर : मारल्यावर तो रातभर अंगणात उभा होता, अक्का. थंडीत. बायकोला कळू दिलं न्हाई. ज्याला माया न्हाई तो कशाला उभा राहील?

गिरिजा : हेच म्हन्लीस. शब्दाला शब्द. अन् पन्नास बायांनी माना हलवल्या. मी बी हलवली. खिडकी उघडीच असायची. बाहेर बसलेल्या गड्यांना समदं ऐकू जायचं. आपण काय उसासे टाकतो, कुणासाठी टाकतो. झुंबर, मला आता वाटतं, आपणच शिकवलं त्यांना. शाळा आपण भरवली, अन् मार बी आपणच खाऊन राह्यलो.

झुंबर : हे आपल्या गावचे न्हाईत. हे त्या ओसरीवर कधी बसलेच न्हाईत.

गिरिजा : त्यांच्या गावाला ओसरी नव्हती का?

झुंबर : एक सांगू? कुणाला सांगितलं न्हाई आजवर.

गिरिजा : सांग.

झुंबर : लग्न झालं, सत्यनारायण झाला, त्या दिवशी हे हसले होते. पानाचा विडा देताना माझ्या हाताला चुना लागला, तर खुदकन हसले. पुढचा एक दात जरा आडवा हाये त्यांचा, तो दिसला. लय चांगलं वाटलं मला. म्हणून मी बोलून गेले. म्हन्लं, तुम्ही थेट दिगंबरसारखे दिसता.

गिरिजा : मंग?

झुंबर : म्हन्ले, कोणता, शिरेलातला? म्हन्लं, व्हय. आमच्या गावच्या समद्या बाया त्याच्यावर जीव टाकायच्या. तर त्यांनी आरशात बघितलं. बघतच राह्यले. मंग दात झाकला.

गिरिजा : अन्?

झुंबर : तवापासून हसले न्हाईत. माझ्यासमोर तरी न्हाई.

गिरिजा : अगं माय.

झुंबर : म्हणून मला ठाऊक हाये ना अक्का, आत तो हसणारा माणूस हाये म्हणून. मी बघितलाय. तू न्हाई बघितला.

गिरिजा : मी दुसरा बघितलाय. तुझ्या आधी बघितलाय.

झुंबर : काय?

गिरिजा : काही न्हाई. कितवा नंबर लावला आपला?

झुंबर : एकवीस. आता सतरावी आत गेली. तू काय म्हन्लीस आत्ता?

गिरिजा : पाणी पी जरा.

झुंबर : अक्का, माझा एक कान गेला, दोन्ही न्हाई गेले. बोल.

गिरिजा : ऐक तर मंग. आपली सोयरीक कशी झाली ते आठव. दोन बहिणी, दोन भाऊ, एकच मांडव, एकच खर्चा. अप्पा खूश. रितीनं बघितलं तर थोरलीला थोरला, धाकटीला धाकटा. मला रामकिसन अन् तुला धर्मराज.

झुंबर : भायाचं नाव घेत न्हाईत, अक्का.

गिरिजा : आज घेते. पाच वर्षं डोक्यावर पदर वढून त्याच्यासमोरून गेले, एक शब्द त्याच्याशी बोलले न्हाई. नवऱ्याचा थोरला भाऊ, भाया म्हणजे बापासारखा, म्हणे. असू दे. तर अदलाबदल कुणी केली?

झुंबर : तू केली. माझ्यासाठी. अप्पाला तू म्हन्लीस, झुंबरच्या मनात थोरला भरला, तिला द्या, मला धाकटा चालल. लोक नावं ठेवतील म्हणून अप्पा चार दिवस जेवले न्हाईत. तरी तू ऐकलं न्हाई. साऱ्या गावात म्हणायचे, बहीण असावी तर अशी. आता घरात मी थोरली जाऊ अन् तू धाकटी. अजून सणाला तू माझ्या पाया पडतीस तवा मला कसंतरी होतं.

गिरिजा : कानामागून आली अन् तिखट झाली, असं द्वारकाबाई हसत म्हणायची. मी बी हसायची. झुंबर, मी तुझ्यासाठी न्हाई केलं.

झुंबर : मंग?

गिरिजा : बघण्याच्या आधी पंधरा दिवस मी अप्पासंगं मंठ्याच्या बाजाराला गेल्ते. बैलबाजाराच्या कडंनं चाललो होतो. एक माणूस बैल टेम्पोत चढवून राह्यला होता. बैल काही फळीवर पाय ठेवीना. दुसरा असता तर शिव्या दिल्या असत्या, वरडला असता, चार माणसं बोलावली असती. हा काहीच बोलला न्हाई. जुवाची शिवळ, ती लाकडी खुंटी, काढली अन् त्याच्या नाकाडावर मारली. मंग परत. मंग परत. एकाच जागी, मोजल्यासारखी. बैल गुडघ्यावर आला तरी ह्याच्या तोंडातून शब्द न्हाई. रक्त आलं. मंग त्यानं शिवळ पुसली, भांग सारखा केला, अन् बाजूचा म्हातारा काय म्हन्ला ठाऊक हाये? काय शांत माणूस हाये म्हन्ला.

झुंबर : ते दुसरं कुणी असल.

गिरिजा : पंधरा दिवसांनी तोच माणूस आपल्या घरी सतरंजीवर बसला होता. मी पोह्याची ताटली त्याच्याच हातात दिली. अन् अशी मागं पळाले की अप्पाला वाटलं पोरगी लाजली. अन् तू दाराआडून मला चिमटा घेऊन म्हन्लीस, अक्का, हा तर दिगंबर.

झुंबर : मंग तू काय म्हन्लीस?

गिरिजा : तुला ठाऊक हाये मी काय म्हन्ले.

झुंबर : तुझ्या तोंडानं सांग.

गिरिजा : म्हन्ले, हुबेहूब. तुलाच शोभल. आता शिवी दे.

झुंबर : बैल मारला म्हणजे माणूस मारतो असं न्हाई. अप्पा बी बैलाला मारायचे.

गिरिजा : व्हय.

झुंबर : रानातली समदी माणसं मारतात.

गिरिजा : व्हय गं.

झुंबर : मंग तू काऊन घाबरलीस? अन् घाबरलीस तर काऊन न्हाई बोललीस? चिमटा मी घेतला होता, वीस वर्षाची पोर होते मी. तू थोरली होतीस. एक शब्द बोलली असतीस, बाजारात बघितलाय म्हणून, एवढंच. तू तुझ्यासाठी श्रीधर काढून घेतलास अक्का, अन् उरला तो माझ्या ताटात वाढलास. वर मी पाच वर्षं तुझे उपकार मानून राह्यले.

गिरिजा : व्हय. असंच हाये ते. त्यात एक काना-मात्रा कमी-जास्त न्हाई.

झुंबर : तुझा श्रीधर तरी बरा निघाला.

गिरिजा : धर्मराज? त्याचं बी ऐक आता. मागच्या गुरुवारी तुझ्या कानशिलात बसली तवा तो कुठं होता ते ठाऊक हाये? गोठ्यात. मी चुलीपाशी, तो गोठ्यात. दावणीपाशी बसून रडून राह्यला होता. चांगला हुंदके देऊन. मंग हातपाय धुतले अन् जेवायला बसला. दोन भाकरी खाल्ल्या. मी वाढल्या.

झुंबर : भावजी लय हळवे हायेत.

गिरिजा : आपण श्रीधरला भला म्हणायचो. रडतो म्हणून भला. अगं, त्या शिरेलात त्यानं थोरल्याचा हात एकदा तरी धरला का? आठवून बघ. नुसता रडला. एक मारायचा, एक रडायचा, अन् वाडा तसाच चालायचा. आपल्याला वाटायचं दोन भाऊ दोन तऱ्हेचे. एकाच तराजूच्या दांडीला बांधलेली पारडी ती. मी हलकं बघून घेतलं, एवढंच.

झुंबर : शिव्या देऊ नको भावजीला.

गिरिजा : मी मला देऊन राह्यले. त्यानं भाकरी खाल्ली तर मी थापली का न्हाई?

झुंबर : अठरावी गेली आत.

गिरिजा : मंठ्याच्या डॉक्टरनं काय सांगितलं ते ध्यानात हाये ना तुझ्या? डावा गेला. उजव्याचा पडदाबी पातळ झाला. त्याच्यावर एक जरी बसली तर तो बी जाईल. समदं बंद. घंटा न्हाई, पाखरू न्हाई, माणूस न्हाई. आज खरं सांगू, झुंबर. इथूनच माहेरी जाऊ. मी येते संगं.

झुंबर : अन् अप्पाला काय सांगायचं? एका मांडवात दिल्या, एका जीपमध्ये परत आल्या? तसं नको. हे बदलतील. दिगंबर बी शेवटच्या भागात बदलला.

गिरिजा : तू बघितला का शेवटचा भाग?

झुंबर : साऱ्यांनीच बघितला. बॅटरी उतरली शेवटाला, तेवढंच.

गिरिजा : लाईट गेलेली, बॅटरी दुपारभर लग्नाच्या बाजावाल्यांनी वापरून अर्धी उतरवलेली. चित्र दोन्ही बाजूंनी आवळत चाललं होतं. दिगंबर दारात पाठ करून उभा. मागं बायको, हातात बोचकं, घर सोडून निघालेली. तो हळूच वळला. तोंड उघडलं. अन् पडदा एवढासा ठिपका होऊन विझला.

झुंबर : चुकलो म्हन्ला तो.

गिरिजा : हे आपण ठरवलं. गोजरबाई म्हन्ली, जाऊ नको म्हन्ला असल. तू म्हन्लीस, चुकलो म्हन्ला. दोन महिने पाणवठ्यावर दुसरी गोष्ट नव्हती. ऐकलं मातुर कुणीच न्हाई.

झुंबर : दुसरं काय म्हणणार?

गिरिजा : नव्या जालन्यात रजियाभाभीचा दीर हाये, गयासोद्दीन. त्याच्याकडं लाईट होती. त्यानं पुरा बघितला. भाभीनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं न्हाई. पोरीचं मन मोडल म्हणून. अन् मोडलं असतं तर मला थोरल्याशी लगीन करावं लागलं असतं, म्हणून बी. झुंबर, तो चुकलो म्हन्ला न्हाई.

झुंबर : चहा टाक म्हन्ला.

गिरिजा : काय?

झुंबर : चहा टाक. एवढंच म्हन्ला. अन् तिनं बोचकं खाली ठेवलं अन् चूल पेटवली. अन् संपलं. मला बी भाभीनंच सांगितलं. हळदीच्या दिवशी.

गिरिजा : तुला ठाऊक होतं?

झुंबर : ठाऊक होतं.

गिरिजा : अन् तरी बी?

झुंबर : तरी बी काय? काही माणसाला बोलता येत न्हाई, अक्का. ज्याला चुकलो म्हणता येत न्हाई, तो चहा टाक म्हणतो. म्हणजे जाऊ नको. म्हणजे माझ्यापाशी बस. इतकं कळाया काय शाळा लागती? मी लय दिवस हेच धरून बसले. लग्नात अंतरपाट धरला होता तवाबी हेच.

गिरिजा : अगं, चहा टाक म्हणजे चहा टाक.

झुंबर : मागच्या गुरुवारी मारल्यावर हे खाटेवर बसले. मी भिंतीला टेकून उभी होते. कानात नुसती शिट्टी. चूल दिसून राह्यली, तू दिसून राह्यलीस, आवाज कशाचाच न्हाई. अन् यांचे ओठ हालले. मला ओठावरून कळलं काय म्हन्ले ते.

गिरिजा : मी ऐकलं. मी तिथंच होते.

झुंबर : काय म्हन्ले?

गिरिजा : तुला ठाऊक हाये.

झुंबर : मंग मी टाकला. साखर जास्त पडली. तरी पिले. एक शब्द बोलले न्हाईत. दुसरा असता तर कप फेकला असता.

डॉक्टरीणबाई : एकवीस नंबर. या, इथं बसा. मान सरळ. नाव?

झुंबर : झुंबरबाई.

डॉक्टरीणबाई : पतीचं नाव?

झुंबर : ...

डॉक्टरीणबाई : नाव घेत नाही का? बरं, तुम्ही सोबत आलात, तुम्ही सांगा.

गिरिजा : रामकिसन. लिहा. रामकिसन.

डॉक्टरीणबाई : हलू नका हं, बघू द्या. कशानं झालं हे?

झुंबर : लहानपणी कान वाहायचा बाई. औषध केलं न्हाई.

डॉक्टरीणबाई : लहानपणचा कान मला ओळखू येतो. हा पडदा पाच-सहा दिवसांपूर्वी फाटलाय, आणि वरच्या बाजूला बोटांचा वळ अजून पिवळा आहे. जे दिसतं ते मी लिहीन. कुणी मारलं ते तुम्ही सांगायचं.

झुंबर : लहानपणचाच हाये. अक्काला इचारा. सख्खी बहीण हाये.

डॉक्टरीणबाई : बोला तुम्ही.

झुंबर : सांग ना अक्का.

गिरिजा : तिच्या नवऱ्यानं मारलं. माझ्यासमोर. मी भाकरी थापून राह्यले होते. मी उठले न्हाई. ते बी लिहा.

डॉक्टरीणबाई : तुम्ही कोण लागता त्याच्या?

गिरिजा : भावजय. त्याच घरात ऱ्हाते. आज परत घेतलं तर.

डॉक्टरीणबाई : ताई, मी पोलिसांना कळवू शकते. पण तुम्ही नाही म्हणालात तर ते कागद फिरून तुमच्याच दारात येतील. तुमची बहीण म्हणते ते खरं आहे का?

झुंबर : अक्काला समजत न्हाई बाई. ते मनातून तसे न्हाईत.

डॉक्टरीणबाई : मग कसे आहेत?

झुंबर : दिगंबरसारखे.

डॉक्टरीणबाई : कोण दिगंबर? घरातलं कुणी आहे का?

गिरिजा : न्हाई बाई. कुणी न्हाई.

डॉक्टरीणबाई : हे थेंब सकाळ-संध्याकाळ. पाणी जाऊ देऊ नका. डावा येईल असं मी सांगत नाही. उजवा सांभाळा, आता तो एकटाच आहे. मी मार लागून असं लिहिलंय, नाव लिहिलेलं नाही. कधी मन झालं तर या, मी मंगळवारी असते. बावीस.

झुंबर : तू असं काऊन केलंस? बाहेरच्या बाया ऐकून राह्यल्या होत्या. त्यात एक आपल्याच जीपमधून आली होती.

गिरिजा : ऐकू दे.

झुंबर : सासूबाईच्या कानावर जाईल. तुला घरात घेणार न्हाईत.

गिरिजा : मला न्हाई घेतलं तर तू एकटी राहशील त्या घरात. तेवढं एकच भेव हाये मला. म्हणून येते. पायात पडून ऱ्हाईन, पण येते. अन् आता चुलीपाशी बसणार न्हाई.

झुंबर : अक्का, ते बघ. गेटापाशी.

गिरिजा : दिसला.

झुंबर : चहावाल्याजवळ उभे हायेत. आपल्याकडं पाठ करून. कट्ट्यावर बघ. तीन कप हायेत. एक त्यांचा, दोन आपले. झाकून ठेवलेत वर बशी घालून, गार होऊ नये म्हणून. मी म्हणत नव्हते?

गिरिजा : व्हय. म्हणत होतीस.

झुंबर : चल लवकर. गार होतील.

गिरिजा : चल. पण त्याच्यापाशी उभी राहशील तवा, अन् जीपमध्ये बसशील तवा बी, गेलेला कान त्याच्याकडं कर. चांगला माझ्याकडं असू दे.